तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाची सीडी किती वर्षं टिकते?

प्रश्न साधारण असाच येतो. लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात दोन-तीन सीड्या आहेत, वीस वर्षं होऊन गेली, अजून चालतील ना? आणि पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "गेल्या दिवाळीत लावून पाहिली होती, छान चालली." घोळ या दुसऱ्या वाक्यात आहे. सीडी चालली म्हणजे ती ठणठणीत आहे असं नाही.

सीडीवर तुमच्या माहितीसोबत दुरुस्तीसाठीचे जादा आकडेही लिहिलेले असतात. लेसरला मधलं काही वाचता आलं नाही, तर प्लेअर त्या आकड्यांवरून हिशोब करून गाळलेली जागा भरतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. कोऱ्या करकरीत सीडीतसुद्धा चुका असतातच; सेकंदाला सरासरी २२० ब्लॉक (माहितीचे छोटे तुकडे) चुकीचे निघाले तरी ती नियमात बसते. म्हणजे आत वर्षानुवर्षं पडझड चालू असते आणि पडद्यावर मंगलाष्टकं मात्र तशीच झकास दिसत राहतात. दुरुस्तीची ताकद संपली की एके दिवशी चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, प्लेअर घरघरतो आणि 'नो डिस्क' म्हणून मोकळा होतो. व्हिडिओ कॅसेट बरी होती, आधी मुंग्या आणून बजावायची तरी.

त्यातही व्हीसीडीचं, म्हणजे व्हिडिओ सीडीचं, दुखणं वेगळं. २००० सालाच्या आगेमागे झालेल्या बऱ्याच लग्नांचं शूटिंग व्हीसीडीवरच आहे. वर सांगितलेली दुरुस्ती ही पहिली फळी, ती सगळ्याच सीड्यांत असते. कॉम्प्युटरच्या फाइली ठेवायच्या डेटा सीडीत २३५२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमधले (माहितीच्या ठरावीक तुकड्यातले) २०४८ बाइट आपल्या कामाचे, आणि उरलेल्यातले बहुतेक दुरुस्तीच्या दुसऱ्या फळीचे. व्हीसीडीत जास्त वेळाचं चित्र बसावं म्हणून ही दुसरी फळी काढून टाकली आणि सेक्टरमधले २३२४ बाइट चित्र-आवाजाला दिले. पहिली फळी तेवढी उरली. म्हणून घरात व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्ही असतील, तर कॉपी करायला आधी व्हीसीडी घ्या.

आता एक सीडी हातात घ्या आणि ट्यूबलाइटकडे धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला चकाकता थर गेलेला आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड, पण ती जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक प्लॅस्टिकची. त्याच्यावर रंगाचा थर, रंगावर धातूचा, त्यावर वार्निशचा पातळ हात आणि लगेच लेबल. म्हणजे ज्या चकचकीत बाजूला आपण जिवापाड जपतो ती मजबूत, आणि ज्या बाजूवर बॉलपेनने 'सौ. आणि श्री.' लिहितो ती नाजूक. खालचा चरा घासून गुळगुळीत करता येतो. वरून धातू खरवडला गेला की तिथली माहिती गेली. सगळ्यात घातक म्हणजे वधूवरांचा फोटो छापलेला कागदी स्टिकर. त्याचा डिंक वाळतो, कागद आक्रसतो, कडेला पापुद्रा सुटतो. तो ओढून काढायला जाल तर धातूचा थरही सोबत येईल, तेव्हा आहे तसा राहू द्या. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असते, त्यामुळे लेबलची बाजू तेवढी नाजूक नसते. तिथे कडेचं चिकटवण सुटतं. ब्लू-रेत माहिती खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. तिच्यावर टूथपेस्ट घासायचा घरगुती उपाय कृपा करून करू नका.

राइट केलेल्या सीडीचा जीव त्या रंगाच्या थरात. लेसरने तो रंग भाजून खुणा केलेल्या असतात आणि ऊन तेच काम हळूहळू सगळ्या रंगावर करतं. खालची बाजू फिकट सोनेरी दिसली तर बहुधा थॅलोसायनिन नावाचा रंग, त्यातल्या त्यात टिकाऊ. निळसर-हिरवी असेल तर सायनिन, उजेडाला सगळ्यात हळवा. कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या अंदाजात थॅलोसायनिन आणि सोन्याचा थर असलेल्या सीडी-आरला (राइट करायच्या सीडीला) १०० वर्षांच्या वर दिलेत, साध्या डीव्हीडी-आरला १० ते २०. हे अंदाज नीट निगा राखलेल्या डिस्कचे. आपल्याकडच्या लोखंडी कपाटातला मे महिना त्यात धरलेला नाही.

दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डिस्कमध्ये रंग नसतोच. खड्डे साच्यातून ठशासारखे उठवलेले असतात, वर अॅल्युमिनियम. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणल्या आणि घरोघरी ढीग झाले. त्यातल्या ठशाच्या डिस्क त्याच काळात घरी राइट केलेल्यांपेक्षा जास्त टिकाव्यात. अपवाद आहेत. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमाराला निघालेल्या कितीतरी ऑडिओ सीड्या कडेपासून तांबूस होत गेल्या. तिथे धातूच्या थरात चांदी होती; ती आणि कागदी वेष्टनातलं गंधक यांचं जमलं. वॉर्नर या हॉलिवूडच्या कंपनीच्या २००६ ते २००८ मधल्या काही डीव्हीडी खराब होतात, हे कंपनीने २०२५ मध्ये मान्य केलं. तेव्हा 'ओरिजिनल आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

ठेवायच्या तर उभ्या, कडक डबीत. मऊ पीव्हीसीचे खिसे टाळा. उकाड्यात ते डिस्कला चिकटतात. कोकण-गोव्यात पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी घाला आणि दरवर्षी बदला. बुरशीचं म्हणाल तर २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीतला धातूच बुरशीने खाल्ल्याचं स्पेनमध्ये आढळलं होतं. नेहमीची बुरशी मात्र वरच्यावरच असते, धुतली की जाते.

धुणं म्हणजे नळाची बारीक धार, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुनं मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे, सरळ. गोल पुसायचं नाही. दुरुस्तीची पहिली फळी ट्रॅकवरची (माहितीच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेवरची) साधारण २.५ मिलिमीटरची सलग खाच भरून काढते. मधून कडेकडे जाणारा आडवा चरा प्रत्येक फेऱ्याला केसाएवढाच छेदतो. गोल चरा ट्रॅकच्या बरोबरीने धावतो आणि ती मर्यादा सहज ओलांडतो. स्टिकर असेल तर पाणी लावू नका, खालची बाजू ओलसर कापडाने पुसा.

मग कॉपी, आणि इथे बहुतेकांचं चुकतं. व्हीसीडी उघडली की 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये मोठी डॅट फाइल दिसते. ती ओढून हार्ड डिस्कवर टाकायला गेलं की पहिल्या खराब जागेपाशी विंडोज काम सोडून देतं. त्याऐवजी आयसोबस्टर हा प्रोग्रॅम वापरा, लिनक्सवर व्हीसीडीएक्सरिप. ही साधनं ते २३२४ बाइटचे सेक्टर ओळखतात. डीव्हीडीला डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम उत्तम. पहिल्या फेरीत अवघड जागा सोडून बाकीचं सगळं उचलू द्या, दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करायला सांगा. कुठे काय राहिलं त्याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं. तीच फाइल देऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातील. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, असं हमखास घडतं. जुन्या डेस्कटॉपमधला जाड ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा अनेकदा सरस ठरतो. भंगारात देऊ नका.

निघालेली फाइल तशीच ठेवा. दोन व्हीसीडी आणि दोन डीव्हीडी मिळून १५ जीबीच्या आत बसतात, त्यासाठी दाबून लहान करण्यात काहीच अर्थ नाही. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ती प्रत नव्हे. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या कंपनीच्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या घरी. पुन्हा डिस्कवरच हवी असेल तर एम-डिस्क ही दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली डिस्क घ्या, पण आपला रायटर एम-डिस्क लिहू शकतो का ते आधी बघा.

प्रत तपासताना सुरुवात पाहून उठू नका. डिस्क मधून कडेकडे लिहिली जाते, आणि बोटं लागतात, ओल शिरते, थर सुटतो तो कडेला. शेवटची दहा मिनिटं पूर्ण बघा. लग्नाच्या सीडीत तिथे पाठवणी असते.

आणि हँडीकॅममधली ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर कोरी दिसली, तर 'फॉरमॅट करू का' या प्रश्नाला हो म्हणू नका. बहुधा ती फायनलाइज केलेली (दुसऱ्या यंत्रात वाचता यावी म्हणून शेवटी बंद केलेली) नसते, आत सगळं असतं. तोच कॅमेरा, निदान त्याच कंपनीचा तसाच एखादा, शोधा, चार्जरवर लावा आणि त्याच्या मेनूतून फायनलाइज करा. बॅटरीवर करू नका. मध्येच बंद पडला तर डिस्क अर्धवट अडकते.