लाटण्यावर उभी असलेली खिडकी

इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं. तिथल्या खिडक्यांना बिजागऱ्या नसतात. एकापुढे एक अशा दोन झडपा, आणि त्या वर-खाली सरकतात. स्वयंपाकघरातली खालची झडप वर ढकलली की क्षणभरही टिकायची नाही, धाडकन खाली. म्हणून दीड वर्ष आम्ही ती लाटणं लावून उभी ठेवली. पोळ्या करायच्या वेळी लाटणं काढायचं, म्हणजे खिडकी बंद, आणि धूर नेमका तेव्हाच. "दुसरं लाटणं आण," हा नवऱ्याचा तोडगा.

एका संध्याकाळी लेकाची बोटं थोडक्यात वाचली. त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी असली खिडकी जन्मात पाहिलेली नाही, पण विहिरीवर आयुष्य गेलंय.

"अगं, वर कोपऱ्यात ती कप्पी ना? मग दोर कुठाय तिचा?"

दोर नव्हताच. दुसऱ्या बाजूला होता, तोही विरलेला. दीड वर्षात मला हे दिसलं नव्हतं.

या खिडकीची चौकट आतून पोकळ असते. दोन्ही बाजूंच्या पोकळीत ओतीव लोखंडाचं एकेक वजन दोराने लोंबतं, दोर कप्पीवरून येऊन झडपेच्या कडेला ठोकलेला. दोन वजनं मिळून साधारण झडपेएवढी. खालच्या झडपेसाठी किंचित कमी, म्हणजे ती बंद केल्यावर बंद राहते. माझी झडप बाथरूमच्या काट्यावर ११ किलो भरली. वजनं निघाली ५-५ किलोची.

पण तिथवर पोचायलाच एक शनिवार गेला. आतल्या बाजूच्या लाकडी पट्ट्यांवर रंगाचे इतके थर, की आधी कटरने फट चिरावी लागली. पट्टी मधूनच उचलायची. टोकाकडून उचकटली की मोडते. जुन्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी मारून, मास्क लावून काम केलं, कोरडं अजिबात घासलं नाही. लेकाला शेजारी पाठवलं. मग आठवलं, या चौकटीवर दीड वर्ष काय घासलं जात होतं! लाटणं फेकून दिलं.

वजन बाहेर काढायला चौकटीत खाली एक छोटं झाकण असतं. रंगाखाली ते दिसेना, बोटाने ठकठक करत शोधलं. दोन झडपांमधली बारीक पट्टी त्याच्यावरून गेलेली, ती काढताना दोन तुकडे झाले. नवी आणली. आत शंभरेक वर्षांची काजळी आणि तळाशी पडलेलं वजन.

नवा दोर कप्पीतून आत उतरवायची युक्ती मला फार आवडली: सुतळीला वाकवलेला खिळा बांधून तो कप्पीवरून आत सोडायचा. खिळा स्वतःच्या भाराने खाली येतो, झाकणातून तो धरायचा, आणि सुतळीमागून दोर ओढून घ्यायचा. एक दोर शाबूत असला तरी दोन्ही बदलायचे.

एवढं करून मी दोर लांब ठेवला. झडप अर्ध्यावर छान थांबली, आणखी वर नेली की वीतभर घसरून पुन्हा तिथेच. झडप वर जाते तसं वजन खाली येतं, हे कळत होतं. ते तळाला टेकलं की दोर ढिला पडून भार पेलायला कुणीच उरत नाही, हे रविवारी दुपारी कळलं. सगळं पुन्हा सोडवलं. झडप पूर्ण वर असताना वजन तळापासून चार बोटं अधांतरी राहील इतका दोर कापला. खिळेही झडपेच्या कडेला खालच्या बाजूलाच ठोकले, नाहीतर ते कप्पीशी अडतात.

आता खिडकी एका बोटाने वर जाते आणि सोडू तिथे राहते. बाबांनी मला ती चार वेळा वर-खाली करायला लावली.

वरची झडप रंगाने चौकटीला चिकटून बसलीय. उघडत नाही, पण पडतही नाही. तिला मी हात लावलेला नाही.