मुखपृष्ठासकट : आमची वाटचाल

१९९६ साली नोकरी सोडून मी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत हा व्यवसाय मांडला. जुनी मराठी मासिकं, दिवाळी अंक, संगीत नाटकांची हँडबिलं, लेखकांच्या सह्यांच्या प्रती, पोस्टकार्डं. माल रविवारी जुन्या बाजारात मिळायचा, एरवी रद्दीच्या दुकानात, किलोच्या भावाने. पहिली काही वर्षं घर पत्नीच्या पगारावर चाललं.

सगळ्यात मोठी चूक त्याच काळातली. एका मासिकाचे वर्षभराचे बारा सुटे अंक हाती आले. नीटनेटके दिसावेत म्हणून मी ते बांधणीला टाकले. बाइंडरने नेहमीच्या रिवाजाने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढली, कडा कापल्या. समासात कुणा वाचकाने पेन्सिलीने केलेल्या नोंदी अर्ध्या तुटल्या. कथा-कविता सगळ्या शाबूत होत्या, पण केशतेलाची जाहिरात, वर्गणीचा दर, टपालाचा शिक्का, वर्गणीदाराचा पत्ता, म्हणजे तो अंक कुणाच्या घरात कसा पोचला हे सांगणारं सगळंच गेलं. ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांचीही पुष्कळदा हीच गत असते. तेव्हापासून आम्ही अंक मुखपृष्ठासकट शोधतो आणि सुटाच ठेवतो.

दुरुस्तीचं काम पत्नी शिकली. जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, बस. ही खळ पुढे कधीही पाण्याने सोडवता येते. चिकटपट्टीचा गोंद मात्र कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. लोक प्रेमापोटीच ती लावतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

एकदा ‘संयुक्त मानापमान’चं हँडबिल आलं. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच प्रयोगात. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. कागद हातात घेताना माझे हात थरथरत होते. मग तो उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या टाइपांच्या, छपाईत अक्षराचा दाब मागे बोटाला लागतो. इथे पाठ सपाट होती. भिंगाखाली काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपके दिसले. जुन्या कागदावर काढलेली नवी प्रत! आणणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी त्यासाठी चांगले पैसे मोजले होते. त्यांना हे सांगायला मला अर्धा तास लागला.

मोडी कागदांच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही. १९७२ च्या कायद्याने ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज पुरातन वस्तूंत मोडतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांना पेशवाईतलं पत्र दिवाणखान्यात लावायचं होतं. त्यांना नाही म्हटलं. घरात मोडी दप्तर सापडलेल्यांना आम्ही भारत इतिहास संशोधक मंडळाची वाट दाखवतो. तिथे ते वाचणारी माणसं आहेत.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक, मराठीतला पहिला मानला जाणारा, मुखपृष्ठासकट अजून आमच्या हाती आलेला नाही. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असला तर झटकू नका, उन्हात टाकू नका, डांबरगोळ्या त्याच्या अंगाला लागू देऊ नका. जसा आहे तसा ठेवा आणि कळवा. विकायचा नसला तरी आम्ही नुसता बघायला येऊ.