आमची वाटचाल : रिकाम्या हातांचा हिशेब

मुलांचे स्वयंपाकवर्ग दोन तऱ्हांनी चालतात. एकात शिकवणारा समोर उभा राहून पदार्थ करतो, मुलं बघतात आणि शेवटी खातात. दुसऱ्यात प्रत्येक मूल स्वतः करतं. आमची सुरुवात पहिल्या तऱ्हेने झाली, कारण तिला एक ओटा, एक शेगडी आणि एक माणूस पुरतो. पण सहा-सात वर्षांचं मूल दहा मिनिटांच्या पुढे नुसतं बघत बसत नाही आणि बघून पीठ मळता येत नाही. म्हणून वर्ग मुलांच्या हातात गेला. तेव्हापासून आमचे सगळे निर्णय एकाच प्रश्नावर ठरत आले: मुलाचे हात किती वेळ रिकामे राहतात?

पदार्थ निवडतानाही आधी हाच हिशेब, चव नंतर. समजा बारा मुलं, दोन शेगड्या आणि पॅनकेक. एकाला तीन मिनिटं धरली तर सहा फेऱ्यांची १८ मिनिटं होतात. मुलं बदलायला दर वेळी आणखी एक मिनिट. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटांचं काम आणि वीसेक मिनिटांची वाट. वाट बघणारं मूल शेजारच्याच्या भांड्यात बोट घालतं, सुरी उचलून बघतं, तापलेल्या तव्याकडे सरकतं. कापण्या-भाजण्याची खरी धास्ती त्याचीच असते. कामात असलेल्या मुलाची त्या मानाने कमी. शेगडीवरचा पदार्थ असला की आम्ही त्याच्या जोडीला चिरण्याचं लांबलचक काम देतो. ओव्हनचा पदार्थ या हिशेबात कधीही उजवा, कारण सगळ्यांचं एकदम भाजून निघतं.

पाव हा आमचा सगळ्यात घोटलेला धडा. एका मुलाला १०० ग्रॅम मैदा, ६० मिली पाणी, २ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. अडचण त्या दोन ग्रॅमची. साधा वजनकाटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, त्यामुळे एवढ्याशा वजनात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. एकाचा पाव खारट, दुसऱ्याचा अळणी. उपाय सोपा आहे. ७२० मिली पाण्यात २४ ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि प्रत्येकाला त्यातलं ६० मिली मोजून द्यायचं. १,२०० ग्रॅम मैद्यात २४ ग्रॅम यीस्ट नीट मिसळून ठेवायचं आणि मुलांनी त्यातून १०२ ग्रॅम तोलायचं. पाणी ३५ अंशांच्या आसपास कोमट असावं. ६० अंशांच्या घरात गेलं तर यीस्ट मरतं आणि पीठ फुगतच नाही.

नेमकी चूक होते ती पुढे. पीठ हाताला चिकटलं की मुलं लगेच वरून मैदा मागतात. तो दिला की पाव कोरडा, घट्ट होतो. सुरुवातीला पीठ चिकटणारच, कारण मैद्याने अजून पाणी पुरतं शोषलेलं नसतं. म्हणून पाणी मिसळून झालं की भांडं दहा मिनिटं झाकून ठेवायचं. तेवढ्यात हात धुवायचे आणि बेकिंग पेपरच्या कडेला पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं (स्केचपेन नको, आणि नावाची बाजू खाली). दहा मिनिटांनी तेच पीठ हातातून सहज सुटतं. मग पाच-सहा मिनिटं मळणं.

पहिल्या फुगवणीला अर्धा तास लागतो आणि इथेच वर्ग कोलमडण्याची भीती असते. या अर्ध्या तासात आम्ही चिरण्याचा धडा ठेवतो: काकडी, गाजर, सफरचंद. परत आल्यावर प्रत्येकाच्या पिठाचे ८० ग्रॅमचे दोन गोळे करायचे, एक इथे खायला, एक घरी न्यायला. एकच मोठा गोळा केला तर तो आतून भाजायला जास्त वेळ लागतो. आणखी १५ मिनिटं फुगवून २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, आणि मध्यावर ट्रे वरखाली बदलायचे. एवढं सगळं दीड तासात बसत नाही. पावाचा वर्ग म्हणून दोन तासांचाच ठेवला.

सुरीबद्दल पालकांना वाटतं की बोथट सुरी सुरक्षित. तसं नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोराने ती घसरते. चार ते सहा वर्षांच्या मुलांना आम्ही दातेरी नायलॉनची सुरी आणि केळं, काकडी असं मऊ काम देतो. सातच्या पुढे १० सेंटिमीटर पात्याची धारदार छोटी सुरी. पकडी दोनच शिकवतो. ‘पूल’ म्हणजे अंगठा आणि बोटांची कमान करून तिच्याखालून सुरी चालवणं; ‘पंजा’ म्हणजे बोटांची टोकं आत दुमडून पात्याला पेरांचा आधार देणं. गोल वस्तू आधी अर्धी करून सपाट बाजू खाली ठेवायची. चॉपिंग बोर्डाखाली ओलं फडकं हवंच.

टेबलाची उंची कोपरापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर खाली असली पाहिजे. उंच असलं की मूल खांदे वर उचलून कापतं आणि जोर तिरपा लागतो. स्टुलावर उभं करणं स्वस्त पडतं, पण हातात सुरी घेऊन तोल जाणं परवडणारं नाही. आम्ही दोन उंचीची टेबलं करून घेतली.

मापांमध्ये कप केव्हाच बंद केले. पिठात दाबून भरलेला कप १५० ग्रॅमपर्यंत जातो आणि चमच्याने हलकेच भरलेला १२० ग्रॅम भरतो. वजनकाट्यावरचे आकडे मात्र पहिलीतलं मूलही वाचतं, आणि भांडं ठेवून काटा शून्यावर आणणं मुलांना फार आवडतं.

चार ते सहा वयात चार मुलांमागे एक मोठं माणूस, सात ते दहात सहांमागे एक. त्यामुळे आमचा सगळ्यात मोठा खर्च सामानाचा नाही, मदतनिसांचा आहे. बाराची तुकडी त्यातूनच ठरली. सांडलवंडीसाठी सामान १५ टक्के जास्त धरावं.

प्रवेशअर्जात ॲलर्जीचा रकाना भरल्याशिवाय वर्गात घेत नाही. शेंगदाणे, काजू, बदाम, तीळ आमच्या स्वयंपाकघरात येतच नाहीत. दूध, अंडी, गहू पूर्ण टाळणं शक्य नसतं, तिथे त्या मुलाचं टेबल, भांडी आणि फडकं वेगळं. हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझर शेंगदाण्याचा अंश काढत नाही. कच्चं पीठ चाखू देत नाही. अंडं नसलं तरी नाही, कारण कच्च्या मैद्यातही साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. कुणाला चटका बसला तर भाजलेली जागा २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ, लोणी, टूथपेस्ट यातलं काहीही नाही. जागा बघताना नळ कुठे आहे हे आम्ही आधी बघतो, ओव्हन नंतर.

घरी देण्याच्या कृतीच्या कागदावर आता एका मुलाचंच माप असतं, ग्रॅममध्ये. मीठ-यीस्टच्या जागी प्रत्येकी पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ आणि अर्धा चमचा यीस्ट लिहितो, चमचा ५ मिलीचा. ओव्हनच्या वेळेपुढे मात्र ‘पावाची खालची बाजू बघा, फिकट असेल तर आणखी दोन मिनिटं’ एवढंच असतं, कारण घरच्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही.