तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द काढले की गाण्यात उरतं काय?

आमच्या विंड बँडचा कार्यक्रम संपून वाद्यं पेट्यांत जायला लागली की कुणीतरी मंचापाशी येतंच. "छान झालं हो! पण ते अमुक गाणं का नाही घेतलंत? आमच्याकडे दिवसभर तेच चालू असतं." आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न: तुम्ही ही गाणी निवडता तरी कशी? त्या वेळी मी हसून वेळ मारून नेते, कारण ट्यूबा उचलायला माणसं शोधायची असतात. आज निवांत सांगते.

विंड बँड म्हणजे बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि सोबत तालवाद्यं. यात गाणारं कुणी नाही. फुंकणाऱ्याचं तोंड अडकलेलं असतं. गोष्ट इतकी उघड आहे, तरी एकदा मीच ती विसरले होते.

त्या वर्षी मी एक तुफान गाजलेलं गाणं घेतलं. नाव सांगत नाही, गाण्याचा त्यात काही दोष नव्हता. शब्द भन्नाट, पोरांना तोंडपाठ. पहिल्या तालमीला कागद वाटले. क्लॅरिनेटच्या कागदावर पहिलं कडवं बघितलं तर ओळीमागून ओळी एकच सूर. मध्येच एखादा खाली उतरायचा आणि लगेच परत जागेवर यायचा. गायक त्या एका सुरावर उभा राहून गोष्ट सांगत होता. गोष्ट काढून घेतल्यावर आमच्या हाती राहिली दाराची घंटा. पहिल्या रांगेतल्या एकीने क्लॅरिनेट खाली घेऊन विचारलं, "हे छापताना काही चुकलंय का?" मी म्हटलं, कार्यक्रमात लोक ओळखतील. नाही ओळखलं. मुखडा आला तेव्हा कुठे सभागृहाच्या जिवात जीव आला, आणि लगेच दुसरं कडवं सुरू झालं.

तेव्हापासून प्रत्येक गाणं मी आधी शिट्टीवर वाजवून बघते. शब्द नाहीत, ठेका नाही, गिटार नाही, नुसती चाल. मुखड्याच्या आधीच शेजारच्या खोलीतून कुणी गुणगुणायला लागलं, तर गाणं पुढच्या फेरीत. नुसत्या मुखड्यावर जगणारी गाणी बरीच असतात. ती पार्टीत चालतात, आमच्याकडे नाही.

उलट उदाहरण द्यायचं तर 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकी बँडचं १९७८ चं 'सप्टेंबर'. त्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन मुळातच आहेत, म्हणजे आम्हाला उसनं काही आणावं लागत नाही. आणि मुखड्यात 'बा-डी-या' असं जे येतं त्याला काही अर्थच नाही. सहगीतकार ॲली विलिस यांनी तिथे खरे शब्द घालावेत म्हणून खूप हट्ट धरला होता, बँडचे प्रमुख मॉरिस व्हाइट यांनी तो मानला नाही. त्या नकाराबद्दल जगभरच्या बँडवाल्यांनी त्यांचे आभार मानायला हवेत. शब्दांवाचून ज्याचं काहीच अडत नाही असा मुखडा आयता मिळतो कुठे?

मग पट्टीचा प्रश्न. गिटारवर बांधलेली गाणी बहुधा ई, ए, डी अशा पट्ट्यांत असतात, कारण तिथे मोकळ्या तारा मदतीला येतात. आमची वाद्यं दुसऱ्या वळणाची. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट बी-फ्लॅटचे, आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, म्हणजे कागदावर सी लिहिला की त्यांतून बी-फ्लॅट किंवा ई-फ्लॅट निघतो. म्हणून त्यांचे कागद वेगळ्या पट्टीत लिहावे लागतात. ई मेजरमधलं गाणं जसंच्या तसं उतरवलं तर क्लॅरिनेटच्या कागदावर ६ शार्प (सूर अर्धा स्वर चढवायच्या खुणा) येतात आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ७. हौशी वादकाचा चेहरा तिथेच पडतो. तेच गाणं अर्धा स्वर वर, एफमध्ये नेलं की १ आणि २ शार्पवर काम भागतं. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, वाजवणाऱ्याची मात्र बोटं सुटी होतात. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ चं गाणं बँडला इतकं मानवतं, त्यातही पट्टीचा हात आहेच. पियानोवर बसून रचलेलं असल्यामुळे ते सुरू होतं बी-फ्लॅटमध्ये, पुढे ई-फ्लॅटला जातं. म्हणजे आमच्या घरच्याच पट्ट्या. मधल्या ऑपेराच्या भागात ए मेजर येतो, तिथे प्रत्येकाने आपापल्या देवाचं नाव घ्यायचं.

आता ओठ. ट्रंपेटवाल्याचा आवाज ओठांच्या कंपनातून निघतो आणि वरचे सूर धरून धरून तोंडाचे स्नायू थकतात. विश्रांतीशिवाय ते ताळ्यावर येत नाहीत. लोकांना आवडतात म्हणून तीन दणदणीत गाणी शेवटी ओळीने लावण्याचा मोह मी एकदा केला. तिसऱ्यातला शेवटचा उंच सूर फुटला, आणि तोही सगळ्या वाद्यांनी एकदम थांबायचं होतं नेमका तिथे. आता दोन दणक्यांच्या मध्ये एक संथ गाणं येतं आणि त्याची चाल युफोनियमकडे जाते. पुरुषी आवाजातल्या हळव्या गाण्याला युफोनियमसारखं वाद्य नाही, हे माझं पक्षपाती मत. तीच चाल खालच्या सप्तकात बासरीला दिली तर ड्रमपुढे ऐकूच येत नाही.

शेवटाचंही बघावं लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातली कितीतरी ध्वनिमुद्रणं मुखडा घोळवत घोळवत हळूहळू विरून जातात. चाळीस माणसांनी तसं विरायचं म्हटलं तर कुणीतरी एकटा मागे वाजवत राहतोच. म्हणून अरेंजमेंट, म्हणजे गाण्याची बँडसाठी लिहिलेली मांडणी, विकत घेण्याआधी मी शेवटचं पान उघडते. तिथे ठाम शेवट लिहिलेला नसेल तर विषय संपला. आपल्या मनाने अरेंजमेंट करायची तर हक्कधारकाची परवानगी लागते, हे जाता जाता सांगून ठेवते.

मेडलीबद्दल, म्हणजे बऱ्याच गाण्यांचे तुकडे जोडून केलेल्या मालिकेबद्दल, विचारू नका. विचारलंच, तर मला आवडत नाहीत. लोकांनी गाणं ओळखून टाळ्यांचा ठेका धरावा, तोवर पुढचं गाणं सुरू.

टाळ्यांवरून आठवलं. लोक ठेका धरतील अशी गाणी घ्यावीत, पण त्यांच्या टाळ्यांवर बँड चालवू नये. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागच्या रांगा ३४ मीटरवर असतील तर आमचा ठोका त्यांच्यापर्यंत पोचायलाच सेकंदाचा दहावा भाग जातो, आणि त्यांची टाळी परत यायला तेवढाच. त्या टाळीला धरून चाललं की गाणं गळू लागतं. ड्रमवाल्याला मी बजावून ठेवते: माझ्या हाताकडे बघ, सभागृहाचं ऐकू नकोस.

आणि एक निकष, जो मंचाखालून दिसत नाही. पॉप गाण्यात खालच्या सुरांचे दोन-चार तुकडेच फिरून फिरून येतात. ते ट्यूबावाल्याने चार मिनिटं वाजवायचे. हॉर्नला 'पा-पा', तेही ठोका चुकवून. तिसऱ्या क्लॅरिनेटला नुसते लांबलचक धरून ठेवायचे सूर. तीन महिने दर आठवड्याला हेच वाजवणाऱ्या माणसाचा कंटाळा कार्यक्रमात ऐकू येतो. म्हणून यादी नक्की करण्याआधी मी प्रत्येक वाद्याचा कागद एकदा चाळते. सबंध कार्यक्रमात कुणाला एकदाही चाल मिळत नसेल तर एक गाणं बदलते, मग ते कितीही गाजलेलं असो.

मागच्या तालमीला नवी यादी फळ्यावर लिहिली. तिसऱ्या क्लॅरिनेटवाले काका वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "चौथ्या गाण्यात आहे ना काही आम्हाला?"

"आठ मात्रा आहेत, काका. एकट्याने."

ते मान हलवत जागेवर गेले आणि पेटी उघडून सगळ्यांच्या आधी क्लॅरिनेटची रीड (फुंकायची पातळ पट्टी) भिजवायला बसले.