तुम्ही विचारलंत म्हणून: दूध का पुरलं नाही

लेक आता बालवाडीत जाते, डब्यात पोळीचा लाडू नेते, आणि तरी मला विचारलं जातं, "अंगावर पाजलंस ना गं?" मी "पाजलं, पण वरचंही द्यावं लागलं" म्हटलं की लगेच, "का? दूध नाही आलं?" आणि मग उपाय. मूल वरणभात खाऊन हात धुवायला पळालेलं असलं तरी उपाय. आजवर मी प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलं. सीझर झालं म्हणून. थायरॉइड होता म्हणून. एकीला चिडून "फिगर बिघडेल म्हणून" असंही सांगितलं. तिने ते खरं मानलं आणि आत्यापर्यंत पोचवलं. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते.

आधी अळिवांचं बोलू, म्हणजे तो विषय संपेल. खाल्ले. नारळ-गुळातले अळिवाचे लाडू खाल्ले, अळिवाची खीर खाल्ली. डिंकाचे, मेथीचे लाडू, खसखस, शेपू, कच्च्या पपईची भाजी, जेवणानंतर मूठभर बाळंतशोपा, दोन्ही वेळेला दुधातून शतावरी कल्प. लसणाची खीरसुद्धा खाल्ली, आणि ती काय चीज असते ते ज्यांनी खाल्लीय त्यांनाच विचारा. सासूबाई वारज्याहून सहकारनगरला आईकडे डबे घेऊन यायच्या. दोघींनी मिळून माझं बाळंतपण दृष्ट लागेल असं केलं. माझं वजन वाढलं. तिचं नाही.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, अळीव जरूर खा, लोह असतं त्यात, पण दूध लाडवांनी वाढत नाही, बाळाने ओढल्याने वाढतं. स्तन रिकामा होत राहिला की शरीर नवीन दूध बनवतं, तुंबून राहिलं की बनवणं कमी करतं. म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, म्हणून वरचं सुरू केलं की अंगावरचं आटतं असं जुन्या बायका म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. आणि मला हे सगळं माहीत होतं, हीच तर गंमत. सातव्या महिन्यात मी रीतसर वर्गाला गेले होते. कापडी बाहुली घेऊन पकड कशी हवी ते शिकले: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली. तिथल्या बाईंनी सांगितलं, प्रत्येक आईला तिच्या बाळापुरतं दूध असतंच. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. त्या वहीवालीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझं भांडण अजून मिटलेलं नाही. ती मधूनमधून येते, त्याबद्दल पुढे.

तर बाळ गुणी होतं. हा शब्द घरात सगळ्यांच्या तोंडी. रडत नाही, किरकिर नाही, अंगावर घेतलं की पाच-सात मिनिटांत डोळे मिटते. "पोट भरलं की झोपते, किती शहाणी." भेटायला येणारे तिच्याकडे बघून आपापल्या नातवंडांच्या तक्रारी सांगायचे. माझी छाती कधी दाटून आली नाही, गाऊन कधी भिजला नाही, पण तेही काहींचं तसंच असतं असं वाचलं होतं. एक दिवस लंगोटावर विटकरी डाग दिसला, ओल्या विटेची पूड सांडावी तसा. मी रक्त म्हणून घाबरले. आई म्हणाली, उष्णता आहे, तू पाणी जास्त पी. मी पाणी जास्त प्यायले. खरं काय ते ओळखलं मालिशवाल्या मावशींनी. पायावर पालथं घालून तेल लावता लावता त्या थांबल्या, मांडीची कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाल्या, "ताई, पोर हलकं लागतंय मला." मला त्यांचा रागच आला.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दुसरा आठवडा संपत आला होता. जन्माचं वजन २ किलो ९००. सुरुवातीच्या दिवसांत बाळं थोडी उतरतात, सात टक्के, फार तर दहा, आणि दोन आठवड्यांच्या आसपास पुन्हा जन्माच्या वजनावर येतात. आमचा काटा म्हणाला २ किलो ४८०. डॉक्टरांनी टॉवेल काढून, काटा शून्यावर आणून परत ठेवलं. २ किलो ४८०. "किती वेळा लघवी करते दिवसातून?" मला सांगता येईना. मी शी मोजत होते, कारण वहीत शीचे रंग होते.

मग ते म्हणाले, आता इथेच पाजा, मला बघायचंय. आतल्या खोलीत पडदा ओढून मी बसले, सिस्टर शेजारी. पाजण्याआधी तिला कपड्यांसकट वजन केलं, पाजून झाल्यावर त्याच कपड्यांत, त्याच लंगोटात परत करायचं. जेवढे ग्रॅम वाढतील तेवढे साधारण मिली दूध पोटात गेलं. सोपा हिशेब. मी बँकेत काम करते, असले हिशेब मला आवडतात. सिस्टरने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पकड एकदम छान आहे हो मॅडम." मला परीक्षेत पहिला प्रश्न बरोबर आल्यासारखं झालं. दोन्ही बाजू पाजल्या, पाठ चोळून, तळवा टिचकावून तिला जागं ठेवलं, अर्धा तास सहज गेला असेल. बाहेर माझी आई कुणाला तरी फोनवर सांगत होती की काही नाही, जरा वजन करायला आलोय.

काट्यावर बारा ग्रॅम वाढले.

डॉक्टर काही बोलले नाहीत, कागदावर लिहिलं फक्त. आई म्हणाली, "काटा बिघडला असेल हो." मलाही आतून तेच वाटत होतं, इतकं की मी काट्याच्या कंपनीचं नाव वाचत होते. रक्त घेतलं, सोडियम किती ते बघायला, कारण पाणी कमी पडलं की ते चढतं आणि तान्ह्या बाळाला ते फार वाईट. थोडं वाढलेलं निघालं. भरती करावं लागलं नाही.

सिस्टरने उकळून निववलेल्या पाण्यात पावडर कालवली आणि स्टीलची वाटी-चमचा घेऊन बसली. पहिला चमचा ओठाला लावला तर बाळाने डोळेच उघडले नाहीत. दुसऱ्याला जीभ बाहेर काढली. तिसऱ्या-चौथ्याला डोळे उघडले, आणि मग प्रत्येक घोटानंतर ती तोंड उघडं ठेवून थांबायची, चमचा परत वाटीत जाऊन येईपर्यंत. वाटी संपली. चमचा आला नाही. आणि ती रडली. जन्मल्यापासून जिचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता ती एवढी रडली की बाहेरच्या बाकावरची दोन पोरं आत डोकावली. सिस्टर हसून म्हणाली, "बघा, आता ताकद आली." माझ्या आईने पर्समधला रुमाल शोधायला घेतला, जो तिच्या हातातच होता.

सगळ्यांना वाटतं मला हायसं वाटलं असेल. मला त्या चमच्याचा राग आला होता. नंतर हायसं वाटलं, ते दुसऱ्या दिवशी, लंगोट जड लागला तेव्हा.

पुढचे महिने फार सांगत नाही, कुणालाच त्यात रस नसतो. आधी अंगावर, मग वरचं, मग पंप, मग सगळं उकळून ठेवायचं, की लगेच पुढची वेळ. पंपाला दोन्हीकडचं मिळून पंधरा-वीस मिली. डॉम्पेरिडोन घेतलं, मुळात ती उलटीवरची गोळी, तिने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, वाढतं म्हणून डॉक्टर काहींना देतात. हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, तेव्हा वाचून मनाने घेऊ नका. मला थोडा फरक पडला, नाव घेण्याइतका नाही. स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या एक बाई घरी आल्या, त्यांनी बारीक फीडिंग ट्यूब मायक्रोपोरच्या चिकटपट्टीने छातीला चिकटवली आणि तिचं दुसरं टोक दुधाच्या वाटीत सोडलं. बाळ अंगावर ओढतं, पोटात जातं पावडरचं. युक्ती खरोखर चांगली आहे. रात्री तीनला एकटीने करून बघा मात्र.

त्याच बाईंनी तो प्रश्न विचारला जो नऊ महिने कुणी विचारला नव्हता. "गरोदरपणात छातीत काही फरक पडला होता? ब्लाउज घट्ट झाले?" नव्हते झाले. डोहाळजेवणाला मी लग्नातलाच ब्लाउज घातला होता आणि तो जसाच्या तसा बसला म्हणून केवढं कौतुक झालं होतं. बाई म्हणाल्या, काही बायकांच्यात दूध बनवणाऱ्या ग्रंथीच कमी वाढतात. थोड्या असतात अशा, पण असतात. पीसीओडी, थायरॉइड, बाळंतपणात फार रक्त जाणं, अशी इतरही कारणं असतात, आणि त्यातली पहिली दोन माझ्या फाइलवर आधीपासून होती.

इथे वहीवाली येते. ती म्हणते, सोयीचं कारण मिळालं तुला. सीझरनंतर बाळ तुझ्याजवळ आलं किती उशिरा? पहिल्या रात्री तिला कुणी काय पाजलं हे तू विचारलंस तरी का? सुरुवातीचे दिवस हातचे गेले की मागणीच कमी नोंदली जाते, हे तूच लिहून घेतलंयस. मी तिला ब्लाउज दाखवते. ती म्हणते, ब्लाउज हा काही रिपोर्ट नाही. खरं आहे, नाही. ग्रंथी किती आहेत हे मोजून कुणी माझ्या हातात कागद दिलेला नाही. बहुतेक आयांना पुरेसं दूध असतं आणि "पुरत नाही" ही नुसती भीती असते, हेही खरं आहे, मी स्वतः हे दुसऱ्यांना सांगते. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, आणि उरलेल्यांमध्ये कोण आहे हे लाडू बघून ठरत नाही, काटा बघून ठरतं.

"मिल्क बँकेतून का नाही आणलंस?" हेही बरेचजण विचारतात, जणू मी चितळ्यांच्या दुकानात जायचं विसरले. मिल्क बँक म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवायची जागा. आशियातली पहिली १९८९ मध्ये मुंबईला सायन हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, पुण्यात ससूनमध्ये आहे. ते दूध आधी जातं वेळेआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीतल्या, किलो-दीड किलोच्या बाळांना. माझी पूर्ण दिवसांची, घरी आलेली. तिच्या वाट्याला ते येऊ नये हेच बरोबर आहे.

पावडरच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम. १९९२ च्या कायद्याने ते छापावंच लागतं, जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा टाकता येत नाही. कायदा हवाच होता. गढूळ पाण्यात पातळ कालवलेल्या पावडरीने पोरं दगावली आहेत. सासूबाईही "जड पडेल, जरा पातळ कर" म्हणायच्या आणि मी डब्यावरचं माप दाखवायचे. हे सगळं मान्य असूनही, अपरात्री एका हाताने माप सपाट करताना ती ओळ रोज वाचायची म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. यायला हवं होतं असंही मी म्हणत नाही.

एकदा साताऱ्याला जाताना स्वारगेटला हिरकणी कक्षात बसून बाटली काढली. शेजारची बाई आपल्या बाळाला पाजत होती. ती काही बोलली नाही. मीच उगाच म्हणाले, "सकाळी पाजलंय अंगावर." तिने मान हलवली. कडा उतरून आलेल्या हिरकणीला पान्हा नसता तर काय, असं पुढे शिरवळपर्यंत माझ्या डोक्यात चाललं होतं.

सव्वीस आठवड्यांची रजा संपली, मी कामावर गेले, पंप बंद झाला. रात्रीचं पाजणं चालू राहिलं, उष्टावण झाल्यावरही, आणि मग एके रात्री तिनेच तोंड फिरवलं. त्याचं वाईट वाटलं, आणि झोप मिळाली त्याचं बरंही वाटलं.

आता विचारणाऱ्यांतल्या ज्या स्वतः बाळंतीण आहेत त्यांच्यासाठी. शांत झोपणारं बाळ म्हणजे भरल्या पोटाचं बाळ असं धरून चालू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. विटकरी डाग दिसले तर घरच्यांशी चर्चा करत बसू नका, डॉक्टरांकडे जा, वजन करून घ्या. पाजण्याआधी आणि नंतरचं वजन करायला सांगा, बरेच डॉक्टर आपण होऊन करत नाहीत. आणि मालिशवाल्या मावशी काही म्हणाल्या तर ऐका.

बाकीच्यांना सांगते, सासूबाई म्हणतात दुसऱ्या वेळी येतं दूध. येतंही काहींना, पुढच्या गरोदरपणात ग्रंथी वाढू शकतात म्हणे सल्ल्याच्या त्या बाई. पण दुसरं हवं की नको हेच आमचं अजून ठरलेलं नाही, तेव्हा ते मात्र कृपा करून विचारू नका.