साहेबाची भाषा: बीबीकडून किती, मुन्शीकडून किती?

कंपनी सरकारच्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे. देशी बाई घरात आणली की वर्ष-दोन वर्षांत देशी भाषा आपोआप जिभेवर येते, असा. हा समज नंतर कुणी रचलेला नाही, त्या काळातच तो प्रचलित होता. पुढे प्रवासी आणि लेखक म्हणून गाजलेला इंग्रज अधिकारी रिचर्ड बर्टन १८४२ साली मुंबईत उतरला आणि १८व्या नेटिव्ह इन्फंट्रीत बडोद्याला गेला. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी सर्रास 'बुबू', म्हणजे बीबी, लग्नावाचून ठेवलेली देशी सोबतीण असे. बर्टन अशा बाईला चालताबोलता शब्दकोश म्हणतो, आणि भाषा शिकणाऱ्याचं तिच्यावाचून जवळजवळ अडतंच, असंही सांगतो.

पण हाच बर्टन मुन्शी, म्हणजे भाषा शिकवणारा पगारी शिक्षक, लावून दिवसदिवस घोकत बसायचा. मुंबईत दोसाभाई सोराबजी हा नावाजलेला पारशी मुन्शी त्याला शिकवायला होता. १८४३मध्ये त्याने आधी हिंदुस्तानीची (म्हणजे बोलीतल्या हिंदी-उर्दूची) आणि मग गुजरातीची परीक्षा दिली, ती मेजर-जनरल व्हान्स केनेडींसमोर. या केनेडींचा मराठी कोश १८२४ सालीच निघाला होता. अशा परीक्षकासमोर केवळ घरात ऐकलेल्या बोलीवर कुणाचा निभाव लागला नसता. म्हणून प्रश्न जरा बारकाईने विचारायला हवा: बीबीकडून नेमकं काय शिकता येई, काय येत नसे, आणि काय चुकीचं शिकलं जाई?

सर्वांत मोठा फायदा कानाला. इंग्रजीत आपला त-द नाही आणि आपला ट-ड पण नाही. त्यांचा उच्चार दोन्हींच्या मधला, दातांच्या मागच्या हिरडीवरचा. त्यामुळे नवख्या साहेबाला 'तोप' आणि 'टोप' एकच ऐकू येई, आणि बोलायला गेला की सगळं 'टुम' आणि 'हमारा बाट' होऊन बसे. क-ख, प-फ, द-ध यांतला फरकही तसाच निसटे. हे पुस्तकातून दुरुस्त होत नाही. रोज काही तास जवळून ऐकावं लागतं, चुकल्यावर हसणारं माणूस लागतं. मुन्शी हसत नसे, कारण साहेब त्याचा अन्नदाता. बीबी हसू शकत होती.

दुसरा फायदा घरगुती शब्दांचा: दुखणीबाणी, नातीगोती, उसनवारी, नोकरांच्या लबाड्या, शिव्या, लाडीगोडी. छापील व्याकरणात हे नव्हतं, हे विल्यम केरीसारख्या पाद्रीबाबालाही कळलं होतं. त्याने १८०१मध्ये बंगाली संवादांचं पुस्तक काढलं, तर त्यात बायकांची भांडणंसुद्धा घातली. १८०५च्या त्याच्या मराठी व्याकरणालाही रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेले आहेत. केरीला कागदावर उतरवावं लागलं ते बीबीच्या साहेबाला घरबसल्या मिळत होतं.

आता चुकांकडे. पहिली चूक लिंगाची. शिकणारा माणूस ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतो. घरात 'मी' म्हणून बोलणारी व्यक्ती एकच, ती बाई. ती म्हणणार 'मैं जाती हूँ', 'मैं आई थी', आणि साहेबही तेच म्हणणार. हिंदुस्तानीत हा सापळा फारच मोठा, कारण वर्तमान, भूत, भविष्य तिन्हींत क्रियापद लिंग दाखवतं; 'जाऊँगा' आणि 'जाऊँगी' सुद्धा वेगळे. मराठीत तो थोडा लहान आहे. 'मी जाईन' दोघांना सारखं, 'मी पत्र लिहिलं' दोघांना सारखं. साहेब पकडला जाणार तो 'मी जाते', 'मी आले', 'मी बसले' इथे. गुजरातीत 'हुं जाउं छुं' निर्धोक आहे, गोची होते ती 'गयो-गई'ची. बंगालीत तर क्रियापदाला लिंगच नाही, म्हणजे कलकत्त्यात घरी बंगाली बोलणारा साहेब या बाबतीत पूर्ण सुरक्षित. एकच पद्धत, पण तिचा तोटा भाषेगणिक बदलतो.

दुसरी चूक मानाची, आणि ती जास्त महाग पडणारी. बीबी साहेबाला 'आप' म्हणणार आणि साहेब तिला 'तुम' किंवा 'तू'. शिकणाऱ्याच्या तोंडात बसतो तो त्याने स्वतः रोज वापरलेला प्रकार. मोठ्याशी बोलायची रीत तो फक्त ऐकतो, म्हणत कधीच नाही. त्यात नोकरांना द्यायच्या हुकमांची भर. परिणाम असा की 'ला, जा, ठेव, बोलाव' अस्खलित येतं, पण एखाद्या सरदाराला 'बसावं', 'यायचं करावं' म्हणायची वेळ आली की जीभ अडते. दरबारात एका 'तुम'ने बोलणी बिघडू शकत. ही चूक घरात दुरुस्त होण्याचा मार्गच नव्हता, कारण घरात साहेबापेक्षा मोठं कुणी नव्हतं.

तिसरी चूक बायकी शब्दांची. दिल्ली-लखनौकडच्या बेगमांची बोली हा वेगळाच प्रकार होता. इन्शा अल्ला खान यांनी १८०८च्या 'दर्या-ए-लताफत' या ग्रंथात तिची दखल घेतली, आणि रेख्ती नावाचा काव्यप्रकारच त्या बोलीत उभा राहिला. 'मुआ', 'निगोडा', 'ऊई' हे शब्द तिथले. आपल्याकडे 'अगं बाई', 'इश्श', 'मेला' हे जसे पुरुषाच्या तोंडी ऐकून माणसं गालात हसतील, तसंच ते. फौजेतल्या कॅप्टनने हवालदाराला 'निगोडा' म्हटलं तर हवालदार सलाम ठोकेल, पण बराकीत त्याची नक्कल होणारच.

याहून मोठी अडचण मात्र वेगळीच, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बीबीची भाषा म्हणजे त्या मुलखाची भाषा, हे गृहीतच अनेकदा चुकीचं होतं. पुण्याचंच बघा. चार्ल्स मॅलेट १७८६ ते १७९७ पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील होता. त्याच्या सोबतिणीचं नाव अंबर कौर. जेम्स वेल्स या चित्रकाराने तिचं चित्र काढलं, आणि पुढे १७९९मध्ये मॅलेटने लग्न केलं ते याच वेल्सच्या मुलीशी. आता कौर हे नाव काही मराठी मुलखातलं नाही. त्याच्यानंतर १७९८ ते १८०१ रेसिडेंट म्हणून विल्यम पामर आला. त्याची बेगम फैज बख्श, तीही उत्तरेकडची. म्हणजे शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर अकरा-बारा वर्षं राहूनही रेसिडेंटच्या घरात मराठी शिरण्याचं काही खास कारण नव्हतं. तिथे हिंदुस्तानी चाले, आणि राजकारणाचं लिखाण फारसीत. मॅलेटच्या पदरी सय्यद नूरुद्दीन हा फारसी मुन्शी होता. रोहिला सरदार नजीबुद्दौलाची फारसी हकीकत लिहिणारा तोच. मराठी हा कारकुनांचा आणि दुभाष्यांचा प्रांत राहिला.

इंग्रजांना मराठीची खरी गरज पडली १८१८नंतर, वसूल आणि न्याय हातात आल्यावर. तेव्हा काम केलं ते शास्त्र्यांनी. १८२९चा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' त्यांचा, आणि १८३१चा मोल्सवर्थचा कोशही शास्त्र्यांच्या मदतीशिवाय उभा राहिला नसता.

लिपीचं तर बोलूच नका. अनेक बीबींना स्वतःलाच लिहिता-वाचता येत नव्हतं. साहेबाला मात्र रोज अर्ज वाचायचे असत: उत्तरेत शिकस्ता वळणाच्या फारसीत, इकडे मोडीत. मोडीत रेघ आधी ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. ज्याला भाषा आधीच पक्की येते त्यालाच शब्द कुठे तुटतो ते कळतं. इथे कानाने शिकलेल्याला थोडा फायदा होता, कारण अक्षर लावता लावता शब्द ओळखू येई. पण अक्षर गिरवून घेणारा मुन्शी किंवा कारकून हवाच. दिवसाची वाटणी साधारण अशी पडे: सकाळी मुन्शीकडे वाचन-लेखन, दुपारी कचेरी किंवा कवायत, रात्री घरची बोली. यातलं सकाळचं गाळणारा साहेब बडबड्या पण अडाणी राहायचा, आणि रात्रीचं गाळणारा पुस्तकी बोलायचा.

पैशांचा हिशेब मोठा बोलका आहे. थॉमस विल्यमसनने १८१०मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या नवख्यांसाठी दोन खंडी मार्गदर्शक काढला. त्यात देशी बाई ठेवण्याचा एकूण खर्च महिना सुमारे ४० रुपये, म्हणजे वर्षाला ६० पौंड, असा चक्क मांडून दाखवलाय. कंपनीच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्यासाठी १८००मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात रामराम बसूंसारख्या साध्या पंडिताचा पगारही महिना ४० रुपयेच होता, मुख्य पंडिताचा २००, आणि केरीचा सुरुवातीला ५००. फरक इतकाच की बसूंना शिकवण्याचा पगार मिळत होता. बीबीच्या ४० रुपयांत तिचं जेवणखाण आणि नोकरचाकर आले, शिकवण्याचं वेगळं काही नाही. विल्यमसनच्या पुस्तकाची १८२५ची आवृत्ती गिलख्रिस्टने, म्हणजे खुद्द फोर्ट विल्यमच्या हिंदुस्तानीच्या माजी प्राध्यापकाने, तयार केली, आणि त्यात बीबींचा मजकूर उडवला गेला.

या सगळ्याला 'प्रेमसंबंध' म्हणावं का, याबद्दल माझं मत सरसकट नाही. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि तिथल्या उमराव घराण्यातली खैर-उन-निसा यांचा निकाह, आणि छावणीत महिन्याच्या बोलीवर ठेवलेली एखादी पोरकी मुलगी, या दोन गोष्टी एका पेटीत टाकता येत नाहीत. खरेदी केलेल्या मुलीही यात होत्या. अशा मुलीला साहेबाला भाषा शिकवायची इच्छा आहे का, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

कर्कपॅट्रिकचं उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी. त्याला फारसी आणि हिंदुस्तानी लग्नाआधीच उत्तम येत होती. लग्नातून त्याला मिळालं ते शब्दांपलीकडचं: जनान्यातले रीतिरिवाज, निरोप कुणाकरवी पाठवायचा, कुणाला आधी सलाम करायचा. निजामाच्या दरबारात याची किंमत व्याकरणापेक्षा जास्त होती. पण त्यांची दोन मुलं १८०५मध्ये लहान वयात विलायतेला गेली, त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला, आणि मुलांची भाषा तिकडे राहिली नाही. १८४१मध्ये मुलगी किटीचा आजीशी, शरफ-उन-निसाशी, पत्रव्यवहार सुरू झाला, तेव्हा नातीची पत्रं इंग्रजीत आणि आजीची फारसीत. मध्ये भाषांतर करणारा लागे.

जावा बेटावर डचांच्या 'न्याई', म्हणजे घरात ठेवलेल्या स्थानिक सोबतिणीबाबतही असाच घोळ होता. न्याई जावानीज किंवा सुंदानीज असे, पण घरात बोलणं चाले बाजारी मलयमध्ये. शिवाय जावानीजमध्ये मोठ्याशी बोलायची 'क्रामा' आणि बरोबरीच्या किंवा खालच्याशी बोलायची 'न्गोको' यांचे शब्दच वेगळे. आपल्या 'आप-तुम'चा घोटाळा तिथे अख्ख्या शब्दसंग्रहाला लागू होतो.

ही पद्धत एका फटक्यात संपली नाही. बंगालमधल्या मृत्युपत्रांची मोजदाद झालेली आहे: १७८०–८५मध्ये दर तिघांत एकात देशी बायको किंवा सोबतीण येते, १८०५–१०मध्ये चारांत एक, १८३०पर्यंत सहांत एक. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या काळात, आई-बापांपैकी एक देशी असलेल्यांना कंपनीच्या नोकरीची दारं बंद झाली. बापाला मुलांच्या भवितव्याचा विचार करावा लागला. १८०६पासून हेलीबरीत, म्हणजे कंपनीच्या विलायतेतल्या कॉलेजात, इकडे येण्याआधीच पौर्वात्य भाषा शिकवू लागले. १८३७मध्ये कचेऱ्यांतून फारसी गेली. आफ्रिका आणि इतर वसाहतींत ही चाल पुढेही टिकली, इतकी की १९०९मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड क्रू यांना अधिकाऱ्यांनी स्थानिक बायका ठेवू नयेत, असं परिपत्रक काढावं लागलं.

कुणाला या बायकांचा माग काढायचा असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरापासून सुरुवात करावी. बाप्तिस्म्याच्या नोंदी एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई अशा लावलेल्या आहेत. तिथे बापाचं नाव हुद्द्यासकट असतं, आईच्या जागी पुष्कळदा नुसतं 'नेटिव्ह वुमन'. तिथे अडकून न बसता त्याच बापाचं मृत्युपत्र शोधावं. 'बीबी', 'हाउसकीपर', 'फीमेल फ्रेंड' हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. नावाचं स्पेलिंग कानावर पडलं तसं केलेलं असतं, तेव्हा 'कौर'चं 'कूअर' झालेलं दिसलं तर दचकू नये. नोंदवहीत गाळलेलं नाव मृत्युपत्रात सापडण्याची शक्यता बरीच, कारण घर, दागिने किंवा महिन्याची नेमणूक कुणाला द्यायची, हे तिथे नाव घेऊन लिहिल्याशिवाय भागत नव्हतं.