चार्जर काढून घेतलेली परीक्षा

आमच्या कार्यालयातील सर्वेक्षण पथकांसाठी लॅपटॉप निवडण्याचे काम माझ्याकडे आहे. एकदा आमच्या एक अभियंता मॅडम एक दुहेरी मागणी घेऊन आल्या. लेझर स्कॅनरने टिपलेले कोट्यवधी बिंदूंचे पॉइंट क्लाउड उघडू शकेल असे वर्कस्टेशन दर्जाचे, म्हणजे जड तांत्रिक काम पेलणारे, यंत्र त्यांना हवे होते, आणि तेच यंत्र प्रवासात, वीज नसलेल्या जागीही दिवस निभावून नेणारे हवे होते. त्या म्हणाल्या, “सर, जाहिरातीत किती तास लिहिले आहेत ते मला नको. माझी फाइल उघडल्यावर चार्जरशिवाय किती वेळ काम होईल, तेवढेच सांगा.” इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारतो, म्हणून त्याचे उत्तर कागदावर न काढता यंत्रांवरच काढायचे ठरवले.

जाहिरातीतला आकडा बहुधा मंद प्रकाशात व्हिडिओ चालवून काढलेला असतो. व्हिडिओ उलगडण्याचे काम चिपमधला एक छोटासा खास भाग करतो आणि बाकीचा प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. त्रिमितीय आराखडा फिरवताना तशी विश्रांती कोणालाच मिळत नाही. मोठी बॅटरी घेणे हा उपायही फार पुढे जात नाही. विमान प्रवासात 100 वॅट-अवरपर्यंतची (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) लिथियम बॅटरी विनापरवानगी नेता येते, त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही 99 वॅट-अवरच्या आसपास थांबते. मग हातात उरतो तो विजेचा खर्च. यंत्र सरासरी 33 वॅट ओढत असेल तर अशी बॅटरी तीन तास पुरते आणि 11 वॅट ओढत असेल तर नऊ तास. शिवाय काहीशे चार्जिंगनंतर बॅटरीची क्षमता साधारण 80 टक्क्यांवर येते, त्यामुळे मी हिशेब नेहमी त्या घटलेल्या क्षमतेवरच करतो.

टेबलावर दोन यंत्रे ठेवली. एकाला दणकट ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचे चित्र तयार करणारा स्वतंत्र भाग), अतिशय बारीक तपशील दाखवणारी 4के ओएलईडी स्क्रीन (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) आणि 230 वॅटचा जाडजूड अडॅप्टर होता. दुसऱ्याचे कार्ड मध्यम, स्क्रीन साधी, आणि चार्जिंग 100 वॅटच्या यूएसबी-सीवर. दोन्हींवर आमच्या कामाचे सॉफ्टवेअर बसवले, मॅडमचीच फाइल उघडली, प्रकाश सारखा केला आणि चार्जर काढून घेतले.

मोठ्या यंत्राने लगेचच कोड्यात टाकले. फाइल बंद केली, सॉफ्टवेअरही बंद केले, कोणी कळफलकाला हात लावत नव्हते, तरीही बॅटरीतून 26 वॅट जातच होते आणि पंखा बारीक आवाजात फिरत होता. कोणता भाग किती काम करतो ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर शून्य टक्के दिसत होता. पण काम नसणे वेगळे आणि बंद असणे वेगळे. अशा लॅपटॉपमध्ये साधे काम प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स सांभाळते आणि स्वतंत्र कार्डाला कोणीच धरून ठेवलेले नसेल तेव्हाच ते पूर्ण झोपते. एकेक प्रोग्राम बंद करत गेल्यावर दोषी सापडला: आराखड्याच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला, अपडेट तपासत मागे बसून राहणारा एक छोटा प्रोग्राम त्या कार्डावर उघडला गेला होता. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्याला वीज वाचवणाऱ्या ग्राफिक्सवर टाकून यंत्र पुन्हा सुरू केले. पंखा थांबला आणि आकडा 9 वॅटवर उतरला. एका सेटिंगने बॅटरी पुरण्याचा वेळ जवळजवळ तिप्पट होताना पाहून मॅडम आणि मी दोघेही क्षणभर स्क्रीनकडेच बघत राहिलो.

एवढी बचत झाल्यावर मोठेच यंत्र द्यावे, असे कोणालाही वाटले असते. मात्र पॉइंट क्लाउड फिरवायला घेतल्यावर चित्र पालटले. भिंतीतल्या विजेवर 100 वॅटहून अधिक ओढणाऱ्या कार्डाला बॅटरी तेवढी शक्ती पुरवू शकत नाही, म्हणून यंत्र स्वतःच त्याचा वेग आवळते. चार्जरशिवाय दोन्ही यंत्रे जवळपास सारख्याच गतीने आराखडा फिरवत होती. महागड्या कार्डाचा फायदा प्लगपाशीच राहिला होता. (अ‍ॅपलच्या 2020 मधील एम1 चिपपासून पुढच्या लॅपटॉपमध्ये ही तफावत फारच थोडी असते, पण आमचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, त्यामुळे तो विचार मनाविरुद्ध बाजूला ठेवावा लागला.) त्यातच पांढऱ्या पार्श्वभूमीचा अहवाल उघडला की ओएलईडी स्क्रीनचा विजेचा खर्च चांगलाच वाढत होता, आणि विमानातल्या आसनाजवळच्या सॉकेटला 230 वॅटचा अडॅप्टर बऱ्याचदा झेपत नाही, तो जोडताच सॉकेट बंद होते.

म्हणून मॅडमना दुसरे यंत्र दिले. देण्यापूर्वी तोच मागे बसणारा प्रोग्राम त्यातही आवरला आणि झाकण मिटताच यंत्र हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होईल, अशी सोय केली. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपची झोप अर्धवट असते आणि ते बॅगेत पडल्या पडल्या बॅटरी खात राहतात. सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, तो त्यांनी आनंदाने मान्य केला. मोठे यंत्रही घेतले, पण कार्यालयासाठी. ते चार्जर लावून एका जागी असते, पथक संध्याकाळी पाठवते ते स्कॅन रात्रभर जोडते, आणि मॅडम सकाळी आपल्या हलक्या यंत्रावर तयार फाइल उघडतात.